अक्कांचे पुणेकर

जळगावातल्या माझ्या घरमालकीण अक्का स्वप्नांवर घर चालवायच्या. यात अलंकार काही नाही, खरंच चालवायच्या. सकाळी मागच्या अंगणातल्या नळावर आमची गाठ पडे. मी दात घासत असे, त्या जास्वंदीला पाणी घालत असत, आणि माझं तोंड फेसानं भरलेलं असतानाच त्या रात्रीची बातमी देत. "मास्तरीण, फाटक निळं दिसलं बरं का." झालं, आठवड्याच्या आत फाटक निळं. "टाकी रडत होती." लगेच टाकी धुवायला माणूस. एकदा म्हणाल्या, जिना उजवीकडे दिसला. तेव्हा मात्र मी घाईनं चूळ भरली आणि म्हटलं, "अक्का, जिना आहे तिथंच राहू द्या. मी काय दोरीनं उतरू शाळेला जायला?" त्या बराच वेळ जिन्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू दे. तुला सवय झाली असेल त्याची."

मी मूळची धुळ्याची, जळगावात एका खाजगी शाळेत शिकवते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायला येणाऱ्यांना मी उंबऱ्यावरूनच वाटेला लावते. तशी मी तोंडाची तिखट. हे माझ्या आईचं म्हणणं, आणि तिचं तोंडही काही साखरेचं नव्हतं. अशा बाईला भाड्यानं खोली मिळणं म्हणजे मुश्कील काम. अक्कांनी एक चौकशी केली नाही. "परवा स्वप्नात वरच्या खोलीत दिवा लागलेला होता," एवढंच म्हणाल्या आणि किल्ली हातात दिली.

वरच्या खोलीला स्वयंपाकघर नव्हतं, म्हणून खालचं आम्हा दोघींत एक. ते इतकं चिंचोळं की एक जण ओट्यापाशी उभी असेल तर दुसरीनं पोट आत घेऊन मोरीकडे जायचं. एकच खिडकी, एकच प्लग, आणि त्या प्लगवर फ्रिज. पण त्या खोलीत सकाळचं ऊन असं काही यायचं की चहा उतू गेला तरी कळू नये. अक्का त्या उन्हात स्टुलावर बसून मिरच्यांची देठं काढत आणि मधेच हात थांबवून कुठंतरी बघत बसत. "अक्का, कुठं गेलात?" विचारलं की म्हणत, "इथंच. जरा अमळनेरला जाऊन आले." माहेर त्यांचं अमळनेरचं. लहानपणी वारा फिरला की तेलाच्या गिरणीचा वास घरात यायचा, आणि तो वास आला की त्यांची आई म्हणायची, आता पोळ्यांना वेगळं तेल नको. ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी मला तो वास आला.

दिवाळीत त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि एक एअर फ्रायर ठेवून गेला. काळा, गोलसर, कळशीपेक्षाही लहान. समोर काचेची छोटी खिडकी, आत पिवळा दिवा. तो ठेवायला जागा नव्हती म्हणून पिठाचा डबा ओट्यावरून निघाला आणि माझ्या खाटेखाली आला. मी कुरकुर केली. अक्का म्हणाल्या, "पाहुणा आहे, चार दिवस सांभाळून घे." पाहुण्याचं नाव त्यांनी त्याच दिवशी ठेवलं, पुणेकर. "कामापुरतं बोलतात," म्हणाल्या. "टिंग केलं की संपलं. ना कशी आहेस, ना जेवलीस का."

माझ्याशी अक्का शहरी मराठी बोलत, पुणेकरांशी मात्र अहिराणी. त्यांना इथं राहायचं तर शिकायला हवी, असं त्यांचं म्हणणं. बटाट्याच्या फोडी आत सरकवून त्या काचेशी तोंड नेत आणि सांगत, "नीट भुंज रे भाऊ, घाई करू नको." भाजणं म्हणायचं नाही, भुंजणं म्हणायचं. फ्रिजचा प्लग काढून पुणेकरांचा लावताना त्या आधी फ्रिजची समजूत घालत. मी शाळेतून दमून आलेली असले की हे सगळं ऐकून माझं डोकं फिरे. आणि तरी पायऱ्या चढून वर जायच्या ऐवजी मी तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसून राही. खोटं कशाला बोलू, त्या घरात ऐकायला बरं वाटेल असं काहीतरी कायम चालू असायचं.

पहिली फजिती झाली ती बिबड्यांची. बिबडं म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड, उन्हाळ्यात गच्चीवर वाळवून डब्यात भरलेला. गॅसवर भाजलं की मस्त फुलतं. अक्कांनी विचार केला, बिबडं बिनतेलाचं, पुणेकरही बिनतेलाचे, जोडी छान जमेल. बिबडं आत ठेवलं, कळ फिरवली आणि काचेतून बघतो तर काय, आतल्या वाऱ्यानं बिबडं उठलं, गरगर फिरलं आणि वरच्या तापलेल्या तारेला जाऊन चिकटलं. करपल्याचा वास सुटला. मी झडप घालून प्लग काढला. अक्का जागच्या हलल्या नाहीत. काचेत बघत पुटपुटल्या, "उडनं वो माय. उडनं."

दुसरी कुणी असती तर शिकली असती. अक्कांना छंद लागला. दुपारी निवांत झाल्या की एखादं कढीपत्त्याचं पान आत ठेवायचं, कळ अगदी थोडी फिरवायची आणि पिवळ्या उजेडात ते पान तरंगताना बघायचं. कधी लसणाचं साल, कधी कोथिंबिरीची काडी. मी एकदा रागावून म्हटलं, "अक्का, आग लागेल एखाद दिवशी." तर म्हणाल्या, "शिवू देत नाही मी तारेला. त्याच्या आधीच बंद करते. तू बस ना जरा." मी बसले. पान उठलं, वळलं, हळूच खाली आलं. पुन्हा उठलं. बाहेर रद्दीवाला ओरडत गेला तोसुद्धा मला फार लांबून ऐकू आला.

आता मुख्य गोष्ट सांगते. गल्लीत चंपाषष्ठीचं भरीत अक्कांच्या अंगणात व्हायचं, त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून. चातुर्मास लागला की त्यांच्या घरात वांगं शिजत नसे, ते एकदम चंपाषष्ठीला. त्या दिवशी अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवायच्या, त्यावर भरताची मोठी हिरवी वांगी भाजायची, लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचायची. भरीत अक्कांचं, भाकरी ज्याची त्याची. संध्याकाळी सगळी गल्ली आपापली भाकरी फडक्यात गुंडाळून अंगणात यायची. ज्या दोन घरांचं आपसात बोलणं नसे तीही येत आणि एकमेकांकडे पाठ करून का होईना, जेवत.

पण गेल्या चंपाषष्ठीनंतर अक्कांना दवाखान्यात ठेवावं लागलं. छातीचा भाता झाला होता. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, यापुढे धूर नाही, अजिबात नाही. मुलगा म्हणाला, घर बंद कर आणि पुण्याला चल. एकदा त्याच्याकडे त्या काही दिवस राहून आल्या होत्या. परत आल्या त्या गप्पच. मग एका सकाळी नळावर म्हणाल्या, "फार चांगलं घर आहे ग त्याचं. सून चांगली, नातू गुणाचा. पण मजल्यावर चार दारं आणि चारी बंद. तठे जाईसन मी काय करू? हात बांधीसन बसू?" माझ्याशी बोलताना अहिराणी आली की समजायचं, जीव टांगणीला लागलाय.

त्यांनी मुलाशी एक करार केला होता. ज्या वर्षी चंपाषष्ठीचं भरीत माझ्या हातून होणार नाही, त्या वर्षी मी मुकाट्यानं येईन. मुलाला वाटलं, धूर बंद म्हणजे भरीत बंद, मग यंदा आई आलीच. आणि त्याच भल्या माणसानं आईच्या काळजीपोटी बिनधुराचं यंत्र आणून ओट्यावर ठेवलं. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. अक्का गेल्या असत्या तर घर बंद, फाटकाला कुलूप आणि मी पुन्हा रस्त्यावर, पण तो मुद्दा नव्हता. खोल्या मिळतात. रोज सकाळी रात्रीची बातमी देणारं माणूस मिळत नाही. मी मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, पुणेकरांकडून हे भरीत करून घ्यायचंच.

अडचण एकच, पण मोठी. भरताचं वांगं केवढं असतं हे खानदेशात सांगावं लागत नाही, आणि पुणेकरांचं पोट केवढंसं. मी म्हटलं, "अर्धं अर्धं कापून भाजू." अक्कांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी शब्द गिळला. भाजायच्या आधी भरताचं वांगं कापायचं नाही. कापलं की त्याचं पाणी जातं आणि मग ती भाजी होते, भरीत नाही. बरं, आधी करून बघावं तर चातुर्मासाची आडकाठी, वांगं भाजायचं नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते थेट त्याच दिवशी.

आदल्या दिवशी अक्का पुणेकरांचा आतला डबा पिशवीत घालून भाजीबाजारात गेल्या. मी सोबत. प्रत्येक गाड्यावर त्या डबा काढायच्या, एकेक वांगं उचलून आत बसवून बघायच्या, झाकल्यासारखं करायच्या आणि बसलं नाही तर त्याला म्हणायच्या, "तुझं काही चुकलं नाही हो." बाजारात हसाहस. एक भाजीवाली, चांगली खमकी बाई, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अक्का, वांगी घेताय का पोराला टोपी?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "टोपीच. घट्टही नको, सैलही नको." मग त्या बाईनं स्वतःच ढीग उपसला आणि मापात बसणारी वांगी बाजूला काढायला लागली. तिच्या शेजारचाही उठून आला. शेवटी अर्धा बाजार आमच्या डब्यात वांगी बसवून बघत होता आणि अक्का मधे उभ्या राहून आभाळाकडे बघत होत्या. घरी येताना म्हणाल्या, "छान गेला ग दिवस." पिशव्या सगळ्या माझ्या हातात होत्या.

चंपाषष्ठीला मी शाळेत रजा टाकली. उजाडताच पहिलं वांगं. अक्कांनी त्याला तेलाचं बोट लावलं, काडीनं टोचलं, आत ठेवलं आणि काचेशी तोंड नेलं. "आज मन्ही लाज राख रे भाऊ." पुणेकर घुमायला लागले. एका वेळी एकच वांगं मावत होतं. एक निघालं की दुसरं, दुसरं निघालं की तिसरं. सोलायचं काम माझं. हिरवी सालं काळपट होऊन सुरकुतत, आतून वाफ येई, आणि अक्का स्टुलावर बसून त्या पिवळ्या खिडकीत बघत राहत. घुमण्याचा तो एकसुरी आवाज, खिडकीतून येणारं थंडीतलं ऊन, हातात गरम वांगं. टिंग झालं की आम्ही जाग्या होऊन हालचाल करायचो, मग पुन्हा तेच. वेळ पुढे सरकतोय असं वाटेचना. मला तर मधेच वाटून गेलं की आम्ही दोघी त्याच काचेच्या आत आहोत आणि बाहेरून कुणीतरी बघतंय.

दुपारी लाईट गेली. घुमणं थांबलं आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. बाहेर चौकशी केली तर वायरमन म्हणाला, डीपीवर काम आहे, सांगता येत नाही. टोपलीत अजून निम्मी वांगी कच्ची.

तेवढ्यात समोरचे चाचा आले. चाचांचं गाद्या-रजया भरायचं दुकान. दर वर्षी कपाशीच्या काड्या तेच खेड्यावरून आणून देत. दारातच उभं राहून म्हणाले, "अक्का, काड्या हायेत आपल्याकडे. तुम्ही दार लावून आत बसा. मी मागच्या मैदानात भाजून आणतो, धूर इकडं येणारच नाय."

मी आशेनं अक्कांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "भाजा की, चाचा. पण मग ते तुमचं भरीत. मला पुण्याला जावं लागेल."

चाचा तिथंच पायरीवर बसले आणि लाईटची वाट बघायला लागले. मी मात्र फणफणत होते. डीपीला, वायरमनला, त्या मुलाला, त्याच्या कराराला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. अक्कांनी भिंतीला डोकं टेकलं आणि स्टुलावरच त्यांचा डोळा लागला. झोपेत त्यांचा चेहरा फार हलका दिसत होता. मी आयुष्यात देवाकडे फारसं काही मागितलेलं नाही, त्या दिवशी लाईट मागितली.

आली लाईट. अक्का जाग्या झाल्या आणि हसल्या. माझ्या सवयीनं मी विचारलं, "काय दिसलं?" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या म्हणाल्या, "काही नाही. वांगं दे."

ऊन उतरायच्या आत शेवटचं वांगं निघालं. मिरच्याही पुणेकरांनीच भाजल्या. ठेचलं अक्कांनी, फोडणी मी दिली, त्या तेवढ्यापुरत्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मग गल्ली यायला लागली. पण आल्या आल्या सगळ्यांची पावलं अडखळत होती. अंगणात जाळ नाही, काड्यांचा तडतडाट नाही, डोळ्यांत पाणी नाही. लोक भाकरी हातात धरून नुसते उभे. चुकीच्या घरी आलो की काय असं त्यांच्या तोंडावर.

पहिला घास चाचांनी घेतला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "धूर नाय, अक्का. पण हात तुमचाच हाय." आणि ताट पुढं केलं. त्यानंतर मी वाढता वाढता थकले. पाठ करून बसणारी दोन्ही घरं यंदाही आली, यंदाही पाठ करून बसली. भांडं तळाशी खरवडून निघालं. मुलाचा फोन आला तेव्हा तो मीच घेतला आणि माझ्या आवाजातला विजय काही लपवला नाही. "झालं बरं का भरीत. अक्कांच्याच हातचं. बिनधुराचं." पलीकडून तो म्हणाला, "बरं झालं, ताई. तिला आनंद झाला असेल." भला माणूस. मला उगाच वाईट वाटलं.

सगळे गेल्यावर मी ओटा पुसत होते. अक्का स्टुलावर बसून आपल्या वाटणीचा घास खात होत्या. सगळ्यांत शेवटी, नेहमीसारख्या. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "चांगलं झालंय. कुणी आलं नाही असं एक घर नाही."

"मग? आता काय बिशाद आहे कुणाची तुम्हाला इथून हलवायची," मी म्हटलं.

"मास्तरीण, मी जाते पुण्याला."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मी म्हटलं, "करार तुम्ही जिंकलात, अक्का."

"हो ना. म्हणून तर जाते." त्या पुणेकरांवरून हात फिरवत होत्या, अजून कोमट होते ते. "मला काय भीती होती सांगू? माझं जे काय आहे ते या अंगणात आणि त्या धुरात आहे. ते सुटलं की मी नुसती म्हातारी. लेकाच्या घरात बसून राहायचं आणि जेवायला हाक आली की उठायचं. आज बघितलं ना तू, धूर नव्हता तरी झालं. एवढ्याशा ओट्यावर झालं. एवढा ओटा त्याच्याकडेपण आहे. आणि लेक आहे माझा, ग. मला त्याच्याकडे जावंसं वाटत नव्हतं असं थोडंच आहे."

मी म्हटलं, "तिथली दारं बंद असतात म्हणाला होतात."

"दुपारी स्वप्न पडलं," अक्का म्हणाल्या. "लाईट गेली तेव्हा. त्याच्या बिल्डिंगमधे मी ओट्यापाशी उभी, आणि लिफ्टमधून माणसं उतरताहेत. एकाचीही ओळख नाही. पण ज्याच्या त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली आपापली भाकरी."

"मी विचारलं तेव्हा काही नाही म्हणालात."

"तेव्हा निम्मी वांगी राहिली होती, ग. सांगितलं असतं तर तू पुढचं एकही नीट सोललं नसतंस."

"नसतंच सोललं," मी म्हणाले, आणि तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसून रडले.